२० लिटर लागर, जुना सिंगल डोअर फ्रिज आणि बेळगावचा एप्रिल

टिळकवाडी_थंड · शनिवार, रात्री ९.१०

मंडळी, घरी केलेल्या लागरच्या (थंडीत आंबवायची बिअर) एका बॅचचा हिशोब मांडतो. कुठं चुकलं ते सांगा.

१८० लिटरचा जुना सिंगल डोअर फ्रिज, साधा कॉम्प्रेसर, इन्व्हर्टरवाला नाही. ३० लिटरचा फूड ग्रेड ड्रम, झाकणाला एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी पाण्याची झडप). एसटीसी-१००० कंट्रोलर (तापमान बघून फ्रिज चालू-बंद करणारा), सेटिंग १२ अंश, त्याचा प्रोब (तापमान मोजणारी तार) वरच्या जाळीला लटकवलाय. वर्ट (आंबवायचा माल्टचा गोड रस) २० लिटर, सगळा पिल्सनर माल्ट (मोड आणून वाळवलेली फिकट बार्ली), सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता, साखर आंबेल तशी उतरते) १.०४८. यीस्ट सॅफलागर डब्ल्यू-३४/७०, ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. टाकीचं पाणी इतकं तापलेलं होतं की ते कॉइलमधून (वर्टमध्ये बुडवायची वळणावळणाची नळी) फिरवूनही वर्ट ३० अंशांच्या खाली जाईना. शेवटी तसंच यीस्ट सोडलं आणि ड्रम फ्रिजमध्ये ठेवला.

आज दहावा दिवस. ग्रॅव्हिटी १.०१४. पहिले चार दिवस सडक्या अंड्याचा वास होता, तो गेला. आता थिएटरातल्या पॉपकॉर्नसारखा लोण्याचा वास येतोय आणि मागून कच्च्या सफरचंदाचा. कॉम्प्रेसर दर तीन-चार मिनिटांनी चालू-बंद होतोय.

ही बॅच वाचेल काय? आणि पुढच्या वेळी काय बदलू?

कोगनोळी_नाका · शनिवार, रात्री ९.३२

तंत्राचं इतर लोक बोलतील, कायद्याचं मी बोलतो. कर्नाटक अबकारी कायदा १९६५ प्रमाणे परवान्याशिवाय बिअर बनवणं गुन्हा आहे, 'घरच्यापुरती केली' म्हणून सूट नाही. नाका ओलांडून महाराष्ट्रात कागलला गेलात तरी तिकडं १९४९ चा दारूबंदी कायदा उभाच. नव्यांना हे ठाऊक नसतं म्हणून वरच लिहून ठेवतो.

संपादक · शनिवार, रात्री ९.४०

मुद्दा नोंदला. कोण कुठं बनवतंय हे विचारणाऱ्या आणि खरेदी-विक्रीच्या पोस्ट उडवल्या जातील. फ्रिज, कंट्रोलर, आंबवण यावर बोला.

उद्यमबाग_रिले · शनिवार, रात्री १०.०५

प्रोब हवेत लटकवलाय तिथंच निम्मा निकाल लागला. हवा हलकी, पटकन गार होते, पटकन तापते. कंट्रोलर बिचारा हवेचं ऐकतोय आणि २० लिटर वर्टचं कुणीच ऐकत नाही. दर तीन मिनिटांनी कॉम्प्रेसर उठतो तो त्यामुळंच. कंट्रोलरचा मूळ विलंब तीन मिनिटांचा असतो, म्हणजे त्याला जितकी घाई करता येते तितकी तो करतोय.

यीस्ट आंबवताना उष्णता सोडतं. १२ प्लेटोच्या (साखरेच्या प्रमाणाचं माप), म्हणजे तुमच्या १.०४८ च्या, २० लिटरांतून एकूण जी उष्णता निघते ती सगळी आत कोंडली तर वर्ट दहा अंशांहून जास्त तापेल. फ्रिजमध्ये ती हळूहळू बाहेर जाते, पण जोर असतो त्या दोन-तीन दिवसांत ड्रमच्या आतलं तापमान भोवतीच्या हवेपेक्षा २ ते ४ अंश वर राहतं. तुमच्या डिस्प्लेवर १२ दिसत होतं तेव्हा आत १५-१६ असणार.

तेव्हा प्रोब ड्रमच्या अंगाला, वर्टच्या पातळीच्या मध्यावर चिकटवा. वरून तळहाताएवढा जाड फोमचा तुकडा, त्यावरून चिकटपट्टी घट्ट गुंडाळा. फोम नसेल तर बबल रॅपच्या चार घड्या. फोमशिवाय नुसती पट्टी मारली तर प्रोब निम्मा हवेचंच माप देतो. थर्मोवेल (प्रोब वर्टच्या आत न्यायची बंद नळी) असेल तर उत्तम, पण त्यासाठी झाकणाला आणखी एक भोक पाडावं लागतं आणि तेवढ्यानं फार फरक पडत नाही.

आता सेटिंग. एफ१ म्हणजे हवं ते तापमान. एफ२ म्हणजे फरक: १० वर एफ१ आणि ०.५ एफ२ ठेवलं तर १०.५ ला गारवा सुरू होतो, १०.० ला बंद, ९.५ ला हीटर सुरू, १०.० ला बंद. एफ३ कॉम्प्रेसरचा विलंब, तो १० मिनिटांवर न्या, कॉम्प्रेसरचं आयुष्य वाढेल. एफ४ प्रोबची दुरुस्ती. फुटलेला बर्फ ग्लासभर, त्यात जेमतेम बुडेल इतकंच पाणी, पाच मिनिटं ढवळा आणि प्रोब मध्यात धरा. डिस्प्लेवर ०.८ आलं तर एफ४ मध्ये उणे ०.८. स्वस्त प्रोबमध्ये अंशभराची चूक सर्रास असते.

फ्रिजचा स्वतःचा नॉब सगळ्यात थंडवर ठेवा, नाहीतर दोन थर्मोस्टॅट एकमेकांशी भांडतात.

टिळकवाडी_थंड · शनिवार, रात्री १०.२०

नॉब मधोमध होता. बरं, वायरिंग एका ओळखीच्या पोरानं केलंय, टर्मिनल तपासायचे कसे?

उद्यमबाग_रिले · शनिवार, रात्री १०.३८

१ आणि २ ला मेन सप्लाय. ३ आणि ४ ला प्रोब. ५-६ हीटरचा रिले, ७-८ गारव्याचा. हे रिले नुसते स्विच आहेत, स्वतः करंट देत नाहीत, हे लक्षात ठेवा. फेज ५ ला आणि ७ ला द्यायचा. ६ मधून हीटरच्या सॉकेटला, ८ मधून फ्रिजच्या सॉकेटला. न्यूट्रल दोन्ही सॉकेटना थेट. अर्थिंग दोन्हीकडे पाहिजेच, ओल्या जागेत पत्र्याच्या फ्रिजशी काम आहे. दीड स्क्वेअर एमएम वायर, ६ अँपिअरचा एमसीबी, आणि सगळं झाकणाच्या प्लास्टिक बॉक्समध्ये. उघड्या टर्मिनलवर चिकटपट्टी मारून भागवू नका.

प्रोबची वायर आत न्यायला फ्रिजला भोक पाडू नका. दाराच्या रबरातून न्या, रबर तेवढं दबतं. बऱ्याच फ्रिजमध्ये बाजूच्या भिंतीतून गरम नळ्या गेलेल्या असतात, ड्रिल लागला की गॅस गेला. आणि अलीकडच्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो, म्हणजे आयसोब्युटेन, तो पेटतो. ड्रम मावत नाही म्हणून वरचा फ्रीझरचा पत्रा वाकवणं हाही तोच मूर्खपणा. त्याच्या आतल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या एकदा वाकवल्या तर टिकतातच असं नाही.

इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज यासाठी घेऊ नका. त्याचं सर्किट स्वतःच वेग ठरवतं, आपण बाहेरून सारखा सप्लाय तोडत राहिलो तर त्याचा हिशोब बिघडतो.

विरजण · रविवार, सकाळी ७.१५

उद्यमबाग यांनी यंत्राचं सांगितलं, मी यीस्टचं सांगतो. लोणी आणि सफरचंद हे दोन्ही वास एकाच चुकीतून आलेत.

लागरचं यीस्ट म्हणजे सॅकरोमायसिस पास्टोरियानस. नेहमीचं पावाचं-बिअरचं यीस्ट आणि सॅ. युबायानस यांचा संकर. २०११ मध्ये पॅटागोनियाच्या जंगलात हे दुसरं यीस्ट मिळालं तेव्हा त्याचं कोडं सुटलं. थंडीत काम करण्याचा गुण त्या बाजूनं आलाय. थंडीत ते हळू पण स्वच्छ आंबवतं.

दह्याची सवय असलेल्या माणसाचा हात इथं चुकतो. विरजण कोमट दुधात लावायचं असतं, लागरचं यीस्ट गार वर्टमध्ये. ३० अंशांवर सोडलंत आणि मग फ्रिजमध्ये ठेवलंत, तर २० लिटर वर्ट १२ पर्यंत यायला दिवसभर तरी लागतो. यीस्ट वाढतं ते नेमकं त्याच दिवसात. आणि वास घडवणारी बहुतेक रसायनं वाढीच्या काळातच तयार होतात.

लोण्याचा वास म्हणजे डायअसिटिल. यीस्ट वाढताना अल्फा-ॲसिटोलॅक्टेट नावाचा पदार्थ बाहेर टाकतं. त्याला स्वतःला वास नसतो. तो वर्टमध्ये हळूहळू ऑक्सिडाइज होऊन डायअसिटिल बनतो आणि मग यीस्टच ते परत शोषून घेतं. म्हणजे ज्यानं घाण केली तेच साफ करतं, फक्त त्याला जागं ठेवावं लागतं. वाढ गरमीत झाली, त्यात यीस्ट निम्मं टाकलेलं, म्हणून प्रत्येक पेशीला जास्त वाढावं लागलं आणि ॲसिटोलॅक्टेट भरपूर निघालं. पुढं आंबणं मंदावलं तशी आतली उष्णता कमी झाली, ड्रम खरोखर १२ वर आला आणि यीस्ट तळाला बसायला लागलं. साफसफाईच्या वेळी झाडूवाला झोपला.

कच्च्या सफरचंदाचा वास असेटाल्डिहाइडचा. तोही अर्धवट राहिलेलं काम. सडक्या अंड्याचा वास मात्र लागरमध्ये चालतो, तो गंधकाचा, वायूबरोबर निघून जातो. त्याला घाबरून बॅच ओतून देणारे बघितले की वाईट वाटतं.

जिना उलटा चढलात, एवढंच. सुरुवात गरम आणि शेवट थंड झाला. पाहिजे होतं सुरुवात थंड आणि शेवट उबदार.

टिळकवाडी_थंड · रविवार, सकाळी ८.०२

पटलं. मग आता काय करू ते सांगा की.

विरजण · रविवार, सकाळी ८.३०

आजच प्रोब ड्रमला चिकटवा आणि एफ१ १७ वर न्या. एप्रिल आहे, हीटर कशाला? खोलीची गरमीच साधारण एका दिवसात ड्रम वर नेईल. कंट्रोलर मात्र चालूच ठेवा, नाहीतर तो १७ वर न थांबता २७ ला जाईल. ड्रम दोन्ही हातांनी धरून अलगद गोल हिसके द्या म्हणजे बसलेलं यीस्ट थोडं उठेल. झाकण उघडू नका, ढवळू नका, आता आत हवा गेली तर बिअर पुठ्ठ्यासारखी लागते.

तीन दिवसांनी चाचणी घ्या. दोन ग्लासांत शंभर-शंभर मिली काढा, तोंडाला फॉइल. एक ग्लास ६५ अंशांच्या पाण्यात अर्धा तास, दुसरा तसाच. मग दोन्ही सारखे गार करून वास घ्या. दोन्हींत लोणी आलं तर डायअसिटिल अजून आहेच. फक्त तापवलेल्यात आलं तर ॲसिटोलॅक्टेट शिल्लक आहे, आज वास नसला तरी बाटलीत येणार. दोन्ही स्वच्छ असतील तरच पुढं गारवा द्यायचा. कॅलेंडर बघून गारवा देणाऱ्यांच्या बाटल्या महिन्याभरानं पॉपकॉर्न होतात.

आणि हायड्रोमीटर (ग्रॅव्हिटी मोजायची काच): नमुना १२ अंशांचा असेल तर रीडिंग एखादा पॉइंट (०.००१) जास्त दिसतं, कारण काच २० अंशांना मापलेली. त्यात बुडबुडे चिकटून काच वर उचलतात. नमुना दोन ग्लासांत आठ-दहा वेळा ओतून वायू घालवा, २० अंशांवर येऊ द्या, मग वाचा. तुमचं १.०१४ खरं १.०१२ सुद्धा असू शकतं. हे यीस्ट १.०४८ वरून १.०१० च्या आसपास थांबतं.

गोकाक_धार · रविवार, सकाळी ११.४५

सगळं ठीक, पण ही १० अंशांची पूजा कशासाठी? डब्ल्यू-३४/७० च्या पाकिटावर बनवणाऱ्यांनीच १२ ते १८ अंश लिहिलंय. १७-१८ ला सरळ आंबवा, आठ दिवसांत मोकळे. डायअसिटिल रेस्ट (ते साफ व्हायला शेवटी देतात तो उबदार काळ) वेगळी द्यायलाच नको, सगळी बॅचच रेस्टमध्ये. एका पाकिटात भागतं, वीज कमी जाते.

विरजण · रविवार, दुपारी १.१०

३४/७० बद्दल तुमचं बरोबर, ते यीस्ट खरंच सोशीक आहे. पण पाकिटावरची वरची मर्यादा म्हणजे तिथं बिअर खराब होत नाही इतकंच. १८ ला केलेली आणि ११ ला केलेली शेजारी ठेवून पिऊन बघा, पहिल्यात फळाची झाक कळते. आणि हे सूत्र एस-२३ ला (दुसरं एक लागर यीस्ट) लावलंत तर सरळ फळांचा रस होईल, ते यीस्टच फळाळ वळणाचं आहे.

दुसरं, '१८ ला' म्हणताना १८ कशाचे? हवा १८ असेल तर आत २१-२२. तिथं ३४/७० सुद्धा लागर राहत नाही.

पाकिटांचा हिशोब: हेक्टोलिटरला (१०० लिटर) ८० ते १२० ग्रॅम, म्हणजे २० लिटरला १६ ते २४ ग्रॅम. दोन पाकिटं. इथं काटकसर करू नये.

गोकाक_धार · रविवार, दुपारी १.२५

हवा-वर्टचा मुद्दा मान्य. फळाची झाक मात्र शंभरातल्या नव्वदांना कळत नाही, हे माझं मत कायम.

खानापूर_रांजण · रविवार, सायंकाळी ५.५०

फ्रिज नसणाऱ्यांनी काय करायचं? ओलं फडकं गुंडाळून टेबल फॅन लावायची युक्ती सगळीकडं सांगतात. माठात पाणी गार होतं तेच तत्त्व. मार्च-एप्रिलच्या कोरड्या दुपारी फडकं ड्रमला २२-२३ पर्यंत आणतं, एल (लागरहून गरमीत आंबवायची बिअर) यीस्टला ते पुरतं. लागरला नाही. आणि आपल्याकडं जून लागला की हवाच पाण्यानं भरलेली, फडकं वाळतच नाही, मग फॅन नुसताच फिरतो. रांजणाला घाम फुटायचा थांबला की समजायचं.

त्यापेक्षा थर्माकोलची मोठी पेटी आणि बर्फाच्या बाटल्या. दोन इंच जाड थर्माकोल, ड्रम आत मावून चारी बाजूंना बाटलीएवढी जागा, झाकणाच्या सांध्याला फोमची पट्टी. बाहेर २६-२७ आणि आत ११ ठेवायचं तर अशा पेटीला दिवसाला साधारण ५-६ किलो बर्फ लागतो. लिटरच्या सहा बाटल्या सकाळ-संध्याकाळ मिळून, म्हणजे फ्रीझरमध्ये बारा बाटल्यांची फेरपाळी. बाटली ड्रमला चिकटवून ठेवू नका, त्या बाजूचं यीस्ट गारठून बसतं. मधे एक बोट जागा.

हे डिसेंबर-जानेवारीत जमतं. एप्रिलमध्ये बर्फ वाहणारा हमाल होण्यापेक्षा १७ ला ३४/७० करा, इथं गोकाकवाल्यांशी सहमत.

उद्यमबाग_रिले · रविवार, रात्री ८.१५

बर्फाचा हिशोब फ्रिजवाल्यांनाही उपयोगी आहे. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल घेतो, म्हणजे २० लिटर वर्ट सुमारे ४ अंश खाली. वीज गेली तर आधी काहीच करू नका, दार तर उघडूच नका. भरलेला ड्रम म्हणजे स्वतःच गारव्याचा साठा, चार तासांत अंश-दोन अंश चढतो. त्याहून जास्त वेळ गेली तरच दोन गोठलेल्या बाटल्या आत सरकवा. वीज आल्यावर कंट्रोलर एफ३ ची दहा मिनिटं थांबतोच, त्यामुळं व्होल्टेज स्थिर व्हायला वेळ मिळतो. दोन-तीनदा ये-जा करणारी वीज असेल तर हा विलंब स्टॅबिलायझरहून जास्त कामाचा.

आणखी एक. सिंगल डोअरचा गारवा वरच्या पत्र्यातून येतो. प्रोब ड्रमवर नेला की वेगळाच त्रास होतो: १०.० ला कॉम्प्रेसर बंद झाला तरी पत्रा उणेत असतो, वर्ट घसरत ९.५ ला जातो, मग हीटर लागतो, मग परत गारवा. रात्रभर दोघांची रस्सीखेच. एफ२ १.० करा, आणि आत कॉम्प्युटरचा ८० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा लावा, हवा फिरती राहिली की हे निम्मं कमी होतं. उन्हाळ्यात हीटरचा प्लग काढूनच टाका. थंडीत बेळगावला रात्री खोली १४-१५ ला उतरते, तेव्हा १७ च्या रेस्टसाठी २५ वॉटचा हीटिंग पट्टा पुरतो. बल्ब लावायचाच तर रंगाच्या रिकाम्या डब्यात झाकून. उघड्या उजेडानं हॉप्सचं (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) रसायन मोडतं आणि बिअरला उग्र दर्प येतो.

चिकोडी_कणी · रविवार, रात्री ९.२०

वर्ट गार करण्याबद्दल कुणीच नीट लिहिलं नाही, म्हणून.

टाकीचं पाणी २९-३० असेल तर कॉइल वर्टला ३२ च्या खाली नेणार नाही, पाणी कितीही वाहवा. दोन टप्पे करा. ३५ पर्यंत नळाचं पाणी. मग बादलीत ७ किलो बर्फ, जेमतेम पाणी, आणि कूलरमधला छोटा पंप. तेच पाणी कॉइलमधून फिरवत राहा, वर्ट ढवळत राहा. अर्ध्या-पाऊण तासात १०-१२. आधीपासून बर्फ वापरलात तर सगळा बर्फ उकळत्या वर्टवर वाया.

बर्फ नसेल तर ३२ वर ड्रम बंद करून फ्रिजमध्ये ठेवा, ९-१० वर आल्यावर यीस्ट सोडा. रात्रभर पुरत नाही, १८ ते २४ तास धरा. तेवढा वेळ गोड वर्ट यीस्टशिवाय उघड्या रानात उभा आहे हे ध्यानात ठेवून ड्रम, नळी, झाकण सगळं निर्जंतुक. डेअरीच्या दुकानात आयोडोफोर (आयोडीनचं जंतुनाशक) मिळतं, ते १२.५ पीपीएमला चालतं. पण भांडी धुण्याचं घ्या. गाई-म्हशीच्या सडाला लावायचं घेऊ नका, त्यात ग्लिसरीन-लॅनोलिन असतं, ते फेस मारतं. ड्रमची तोटी दर वेळी खोलून धुवा, आंबट बॅचचा उगम बहुतेकदा तिथंच.

टिळकवाडी_थंड · रविवार, रात्री ९.४१

पुढच्या बॅचला माल्ट थोडा कमी करून तांदूळ घालायचा विचार आहे. बासमती घालू काय?

चिकोडी_कणी · रविवार, रात्री १०.०५

बेळगाव बासमती उकळीत घालणार? घरचे बाहेर काढतील. सुगंध तासभराच्या उकळीत उडून जातो. साधी कणी घ्या.

४.५ किलो माल्टमधला ७०० ग्रॅम काढून तेवढी कणी. पण तशीच टाकायची नाही. तांदळाचं स्टार्च ६५ अंशांच्या मॅशमध्ये (गरम पाण्यात भिजवलेला भरडलेला माल्ट) नीट फुलत नाही, न फुललेलं स्टार्च एन्झाइमला मोडता येत नाही. साडेतीन लिटर पाण्यात तिची अगदी मऊ पेज करा, थोडी गार करून मॅशमध्ये मिसळा आणि ६५ वर तासभर ठेवा. पेज गरम ओतली तर मॅश ७० च्या वर उडी मारतो, म्हणून थोडी थोडी. माल्टचं टरफल कमी झाल्यानं गाळणी तुंबू शकते, घाई करू नका.

पिल्सनर माल्ट असेल तर उकळी ९० मिनिटं, झाकण उघडं. या माल्टमधून उकडलेल्या मक्याच्या कणसासारखा वास येतो, तो वाफेबरोबर जायला पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, पाणी ९७.५ च्या आसपासच उकळतं. वेळ कापू नका. झाकण ठेवलं तर वाफेचे थेंब तोच वास परत आत सोडतात.

विरजण · सोमवार, सकाळी ७.००

पुढच्या बॅचचा जिना लिहून देतो, भिंतीला लावा. ९ अंशांवर दोन पाकिटं. मग १० वर धरा. ग्रॅव्हिटी १.०३६ ला आली की १२. १.०२४ ला १४. १.०१८ ला १७, आणि तिथं चाचणी स्वच्छ येईपर्यंत. दिवस मोजू नका, ग्रॅव्हिटी मोजा. पहिले ३६ तास एअरलॉक गप्प राहील, घाबरून तापमान वाढवू नका.

जाता जाता: जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ पासून २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर गाळायलाच मनाई होती, कारण उन्हाळ्यात बॅचेस बिघडायच्या. १८७० च्या दशकात लिंडे या जर्मन अभियंत्याची गारवा यंत्रं आली तेव्हा कुठं उन्हाळ्यातही खात्रीनं लागर होऊ लागली. तुम्ही एप्रिलमध्ये ३० अंशांवर यीस्ट सोडलंत. जर्मन असता तर दंड झाला असता.

गोकाक_धार · सोमवार, सकाळी ७.२०

इथंही होईल. कोगनोळीवाल्यांची पोस्ट वाचा.

टिळकवाडी_थंड · बुधवार, रात्री ९.००

रीडिंग. १७ वर तीन दिवस. ग्रॅव्हिटी वायू काढून, २० अंशांवर, १.०१०. सफरचंद गेलं. साध्या ग्लासात लोणी नाही. तापवलेल्यात हलकं आहे, पण आहे. उद्या गारवा सुरू करू काय? आणि बाटल्यांसाठी साखर किती? एका तक्त्यात १ अंशाला २० लिटरला ६५ ग्रॅम दिलीय.

खानापूर_रांजण · बुधवार, रात्री ९.१८

लागरिंग (आंबल्यावर थंडीत मुरवणं) १ अंशावर करणार म्हणजे ६५ बरोबर की. थंड बिअरमध्ये वायू आधीच जास्त विरघळलेला असतो.

विरजण · बुधवार, रात्री ९.५०

नाही ओ. तक्त्यात 'बिअरचं तापमान' म्हणजे आंबणं संपल्यावर बिअर ज्या सर्वांत जास्त तापमानाला गेली ते. १७ ला होती तेव्हा जास्तीचा वायू एअरलॉकमधून निघून गेला, आत बिअरच्या आकारमानाच्या साधारण ०.९ पट राहिला. नंतर १ अंशापर्यंत गार केलीत म्हणून गेलेला वायू परत येत नाही, आता तिथं नवीन काही तयार होत नाहीये. २.५ पट हवा असेल तर लिटरला ६ ग्रॅम साधी साखर, २० लिटरला १२०. गाळ सोडून १८.५ लिटर भरणार असाल तर ११०. ६५ नं सपक होईल. ६५० मिलीच्या बाटलीत सुटी घालायची तर ४ ग्रॅम, पण साखर पाव लिटर पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये मिसळणं चांगलं, बाटल्यांत फरक राहत नाही. चार आठवडे १ अंशावर राहिल्यावर वर यीस्ट फार उरत नाही, भरताना २ ग्रॅम कोरडं यीस्ट कोमट पाण्यात भिजवून त्यातच. मग दोन आठवडे २० अंशांवर.

बाटली बिअरचीच, जाड काचेची. आणि १.०१० हे तीन दिवस हललं नाही याची खात्री करून. नाहीतर बाटल्या फुटतात, त्या काचेशी कुणी पैज लावू नये.

गारवा उद्या नाही. तापवलेल्या ग्लासात लोणी आहे म्हणजे ॲसिटोलॅक्टेट शिल्लक आहे. आणखी दोन दिवस १७ वर, मग परत चाचणी.

खानापूर_रांजण · बुधवार, रात्री ९.५८

साखरेचं माझं चुकलं. खोडत नाही, दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल.

टिळकवाडी_थंड · शुक्रवार, रात्री ८.४५

दोन्ही ग्लास स्वच्छ. ग्रॅव्हिटी १.०१० वरच. आता रोज दोन अंश खाली नेत १ वर, मग चार आठवडे. बरोबर?

उद्यमबाग_रिले · शुक्रवार, रात्री ९.०५

बरोबर. एक गोष्ट राहिली. १७ वरून १ वर येताना ड्रममधला वायू आकसतो, शिवाय थंड बिअर तो पिते, त्यामुळं एअरलॉकमधलं पाणी आत ओढलं जातं आणि मागोमाग हवा. ३० लिटरच्या ड्रममध्ये २० लिटर म्हणजे वर १० लिटर मोकळी जागा, ओढ चांगलीच असते. एअरलॉक काढा, निर्जंतुक नळी बसवा, तिच्या दुसऱ्या टोकाला कार्बन डायऑक्साइडनं भरलेली मजबूत फॉइलची पिशवी. पुढच्या बॅचला आंबण्याच्या तिसऱ्या दिवशीच ती नळीला लावा, स्वतःच भरते. या बॅचला ती संधी गेली. फुगा वापरणार असाल तर दोन दिवसांत बदला, रबरातून हवा मुरते.

आज पिशवी नसेल तर एअरलॉकमधलं पाणी काढून तिथं व्होडका भरा, पातळी अर्ध्यावर. ओढला गेलाच तर बिघाड कमी. आणि तापमान उतरत असेल तितके दिवस सकाळ-संध्याकाळ पातळी बघा, ओढ तेव्हाच असते. एफ२ मात्र १.० वरून ०.५ करू नका.